गेममध्ये लपवलेले संदर्भ: तुम्हाला कधी आणि कसे सापडले?

तिखट_शेव

काल भाच्याने विचारलं, "मामा, हे लोक मेलेला राजा पिंपात घालून का फिरतायत?"

एज ऑफ एम्पायर्स २, बार्बारोसाची शेवटची मोहीम. नववीत असताना मलाही हाच प्रश्न पडला होता. तेव्हा वाटलं गेमवाल्यांनी टिंगल केलीय. पुढे नोकरीला लागल्यावर कधीतरी कळलं की जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा खरंच तिसऱ्या क्रुसेडला (धर्मयुद्धाला) निघाला होता, ११९० साली आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडून मेला आणि त्याच्या माणसांनी देह जेरुसलेमला न्यायचा म्हणून तो व्हिनेगरमध्ये मुरवायचा प्रयत्न केला. तो काही टिकला नाही, वाटेतच थोडा इथे थोडा तिथे पुरावा लागला. गेममध्ये मात्र आपण ते पिंप जेरुसलेमपर्यंत पोचवतो.

मग एकेक आठवत गेलं. "मार्को" टाइप केलं की अख्खा नकाशा दिसायचा, "पोलो" टाइप केलं की धुकं जायचं. मला वाटायचं प्रवासी मार्को पोलो म्हणून असेल. ऑफिसच्या कामाने अमेरिकेत गेलो तेव्हा हॉटेलच्या तलावात पोरं डोळे मिटून "मार्को!" ओरडत होती आणि बाकीची "पोलो!" म्हणून पळत होती. म्हणजे तो तिकडचा पाण्यातला आंधळी कोशिंबीर आहे! काठावर एकटाच हसत बसलो होतो.

आपल्या पिढीचं सगळं उलटं झालं. नक्कल आधी पाहिली, अस्सल नंतर भेटलं. तर तुमचेही असे "अरे हे तर त्यातलं!" क्षण लिहा. गेम कुठलाही चालेल.

मोगरा_कळी

चीज स्टेक जिमीज!!!

दहावीचं बीजगणित विसरले पण एजच्या या चीट कोडचं स्पेलिंग नाही. १,००० अन्न एका फटक्यात. दादा भिंती बांधत बसायचा आणि मी किल्ल्यांच्या गर्दीतून चीटने मिळणारी ती निळी मोटार पळवायचे.

रांगडा_गडी

व्हाइस सिटी कुणीच कसं काढलं नाही अजून?

होस्टेलवर रूममेटनं स्कारफेस लावलावता. करवतीचा बाथरूमचा सीन आला आणि मी ताडकन उठलो, "ही खोली मी बघितलीय!" ओशन ड्राइव्हवरच्या त्या अपार्टमेंटात तीच रक्तानं माखलेली न्हाणी, तीच करवत. पुढं तो वाडा आला, लाल जिना आला, वरनं गोळीबार सुरू झाला. पोरं पिक्चर सोडून माझ्याकडंच बघायला लागली. पिक्चर १९८३ चा, गेम २००२ चा. पण माझ्या डोक्यात एकच, पिक्चरवाल्यानं गेम चोरलाय.

नंतर लै पिक्चर बघितले त्या नादात. कार्लिटोज वे मधला कुरळ्या केसांचा वकील बघा, गेममधला आपला वकील केन रोझेनबर्गच. मायामी व्हाइस मालिकेतला टब्स झालेला नट आहे ना, त्यानंच गेममध्ये लान्स व्हान्सला आवाज दिलाय. आणि गेमचा हीरो टॉमी, त्याचा आवाज गुडफेलाजवाल्या रे लिओटाचा हे कळलं तेव्हा गुडफेलाज परत बघितला, डोळे मिटून.

मोगरा_कळी

डोळे मिटून पिक्चर :) :)

भाकरी_पिठलं

व्हाइस सिटीचे चीट कोड: पँझर. ॲस्पिरिन. लीव्ह मी अलोन. इंग्रजीचा पाया इथे पक्का झाला.

उन्हाळी_सुट्टी

रांगडा, त्याच गेममध्ये खरंखुरं अंडं पण होतं की. व्हीसीएनच्या इमारतीत, शेजारच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरवायचं आणि बंद दिसणाऱ्या खिडकीत सरळ उडी मारायची. आत चॉकलेटचं अंडं, त्यावर हॅपी ईस्टर. आमच्या वर्गात कुणी विश्वास ठेवला नव्हता, माझ्या घरी येऊन बघून गेले सगळे. आईने पोहे केले होते.

सॅन अँड्रियासमध्ये तर त्यांनी अजून आगाऊपणा केला. गँट पुलाच्या अगदी टोकावर चढलं की पाटी, "इथे वर एकही ईस्टर एग नाही. चालते व्हा."

शांताबाईंची_सून

मी शीर्षक न वाचता "ईस्टर एग" बघून अंड्याची काही नवी पाककृती असेल म्हणून आले. कुणी सांगेल का काय असतं हे?

जुना_प्रोग्रामर

ताई, गेम बनवणाऱ्याने गुपचूप लपवलेली गंमत. सगळ्यात गाजलेली १९८० ची. अटारी तेव्हा गेमवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने ॲडव्हेंचर या गेममध्ये एक चोरखोली केली. एका पिक्सेलचा राखाडी ठिपका शोधून काढला तरच आत जाता यायचं आणि आत भिंतभर त्याचं नाव. कंपनीत कुणालाच सांगितलं नव्हतं. खेळणाऱ्यांना सापडलं तोवर साहेब नोकरी सोडून गेलेले.

आम्ही त्या काळात असतो तर आम्हीही केलं असतं. अजूनही करावंसं वाटतं. अप्रेझल जवळ आलंय.

शांताबाईंची_सून

धन्यवाद दादा. आले आहेच तर बसते.

बदाम_सत्ती

तिखट_शेव, तुमच्याच गेममधलं. जोन ऑफ आर्कच्या मोहिमेत ला हायर नावाचा एक सरदार आहे. त्याच्यावर क्लिक केलं की "ला हायरला कुणालातरी ठार मारायचंय" किंवा "ला हायरच्या तलवारीवरचं रक्त वाळत आलंय" असलं काहीतरी. आम्ही भावंडं जेवायला बसल्यावर हेच बोलायचो, आजी कावायची. मला तो शुद्ध कल्पनेतला वाटायचा.

तो खरा निघाला. एतियेन दे विन्योल, जोनच्या बाजूने ओर्लेआँला लढलेला. आणि फ्रेंच पत्त्यांमध्ये राजा-राणी-गुलामाच्या पानांना नावं असतात, त्यात बदामचा गुलाम म्हणजे ला हायर! आता बदाम सात खेळताना हातात गुलाम आला की मी मनात तेच वाक्य म्हणते. नवऱ्याला कळत नाही मी का हसतेय, त्याला वाटतं माझ्याकडे भारी पानं आहेत.

हाव_ना_बाप्पा

मारियो कॉन्ट्रावाले कोठी गेले? आमच्याइकडे कॅसेटवर "९९९९ इन १" लिहिलं राहे, आत गेम निघे सहा.

कॉन्ट्राच्या कव्हरवरचा पहेलवान पाहा. तो आपला अर्नोल्डच आहे, प्रेडेटर पिक्चरमधल्या फोटोवरून सरळ उतरवला. बाजूचा स्टॅलनवानी दिसते. आमचा लहाना भाऊ म्हणे "मी अर्नोल्ड घेतो", मी म्हणो "गेममध्ये दोघाईचंही तोंड नाही दिसत बाप्पा, निळी पँट घे नाहीतर लाल घे."

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ३० जीव. हे ज्यानं केलं तो हाशिमोतो २०२० मध्ये वारला. ग्रॅडियस गेम त्याले स्वतःलेच जमत नव्हता म्हणून तपासासाठी टाकला होता म्हणे कोड, मंग कॉन्ट्रातही आला. बनवणाऱ्यालेच जमे ना तं आमचं काय.

रांगडा_गडी

कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. हे शास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवलंवतं कुणाला ठाऊक, पण सगळ्या महाराष्ट्राला येत होतं.

अलका_टॉकीज

माझा अनुभव बाबांचा आहे. मी कमांडोज २ खेळत होते, बाबा पेपर वाचत होते. मिशनचं नाव पडद्यावर आलं, रिव्हर क्वायचा पूल. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि शीळ घालायला लागले. मला कळेना. मग त्यांनी १९५७ च्या त्या सिनेमाची पूर्ण गोष्ट सांगितली, कैदी शीळ घालत छावणीत येतात तो प्रसंग चालून दाखवला. हॉलमध्ये. लुंगीत.

त्यानंतर ते रोज विचारायचे, "आज कुठलं मिशन?" कारण त्या गेमच्या मिशनांची अर्धी नावं युद्धपटांवरूनच होती. दास बूट, इज पॅरिस बर्निंग, सेव्हिंग प्रायव्हेट रायनची जरा बदलून "प्रायव्हेट स्मिथ", गन्स ऑफ नॅव्हरोनची "सावो बेटाच्या तोफा". कोल्डिट्झचा किल्ला आला तेव्हा म्हणाले, हा सिनेमा नाही, हा खराच आहे, पळून जाण्यात पटाईत अधिकारी जर्मन लोक तिथे डांबायचे.

खेळता त्यांना कधीच आलं नाही. मागे खुर्ची टाकून बसायचे आणि "डावीकडून जा, डावीकडून, तो बघतोय!"

भाकरी_पिठलं

हे वाचून बाबांना फोन केला. ते झोपले होते. शिव्या खाल्ल्या.

दूरदेशी

@अलका_टॉकीज, थायलंडला कांचनाबुरीत तो पूल बघून आलोय. सिनेमा सगळा सिलोनमध्ये चित्रित केलेला, त्यामुळे तिथे गेल्यावर काहीच ओळखीचं वाटत नाही. जपान्यांनी तो रेल्वेमार्ग १९४३ मध्ये पुरा केला. युद्धकैद्यांची स्मशानभूमी नीट राखलेली आहे. पण मलायातून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी मेले तिथे, त्यांच्याबद्दल सिनेमात काही नाही आणि गेममध्येही नाही.

अलका_टॉकीज

हे माहीत नव्हतं. बाबांना सांगते.

कट्टर_वाद

गांधीजी आणि अणुबॉम्ब आल्याशिवाय हा धागा अपूर्ण. सिव्हिलायझेशन गेममध्ये गांधींचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे आणि आकडा उलटा फिरून २५५. मग बापू सुटायचे.

जुना_प्रोग्रामर

दंतकथा आहे ती. गेम बनवणाऱ्या सिड मायरने स्वतः आत्मचरित्रात, २०२० च्या, लिहिलंय की असा बग पहिल्या गेममध्ये नव्हताच. २०१० च्या पाचव्या भागात मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा ओढा मुद्दाम १२ ठेवला होता, गंमत म्हणून. म्हणजे जाणूनबुजून केलेली गंमत आधी आणि बगची अफवा नंतर.

कट्टर_वाद

मला एका इंजिनियर मित्राने सांगितलं होतं.

जुना_प्रोग्रामर

मीही इंजिनियरच आहे हो.

कट्टर_वाद

बरं. पण बापूंनी माझ्यावर बॉम्ब टाकलाय हे खरं आहे. कारण काहीही असो.

पोळी_भाजी_डबा

फ्लॉरेन्सला गेलो होतो. नवरा पहिल्यांदाच इटलीत, आणि गुगल नकाशा न उघडता मला फिरवतोय. "इथून वळलं की डुओमो. या चर्चमध्ये १४७८ ला जुलियानो मेदिचीला मारलं, लोरेन्झो निसटला. त्या राजवाड्याच्या खिडकीतून पात्सीला फाशी दिलं." मी थक्क. एवढा इतिहास केव्हा वाचला याने? सॅन जिमिन्यानोला बुरुज बघून म्हणतो, "यावर मी चढलोय." तिथे माझी ट्यूब पेटली. ॲसॅसिन्स क्रीड २.

घरी आल्यावर मला बसवून दाखवलं. हीरोचा काका अंधारातून पुढे येतो आणि म्हणतो "इट्स अ मी, मारियो!" नवरा गडाबडा लोळतोय आणि मी विचारतेय यात हसण्यासारखं काय. मारियो नाव आहे ना त्याचं.

जाता जाता, जिलातोसाठी फार रांग होती.

मोगरा_कळी

जिलातो कुठला खाल्ला?

पोळी_भाजी_डबा

पिस्ता. आपल्याकडचा हिरवा नाही, मातकट रंगाचा. तोच चांगला असतो म्हणे.

लोकल_पकडली

हिटमॅन २, २०१८ चा. मुंबईची लेव्हल आहे त्यात. धोबीघाट, झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर आणि त्यात सिनेमावाला दाऊद रंगन. हे दाऊद नाव कुठून आलं ते सांगायला नकोच. पण जो लपून राहिलेला गुंड शोधायचा असतो, त्याचं खरं नाव काय तर वझीर काळे. वझीर काळे!! मी ट्रेनमध्ये मोठ्याने हसलो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काळे आहेत. आता मीटिंगला ते बोलायला उभे राहिले की मला हिटमॅनचं टक्कल आणि त्यावरचा बारकोड आठवतो.

शांताबाईंची_सून

अरे आमच्याकडे पण घडलंय असं, आत्ता लक्षात आलं! मुलगा अनचार्टेडचा तो भाग खेळत होता, लॉस्ट लेगसी, आपल्या पश्चिम घाटातला. होयसळांची देवळं, हळेबीडचं नाव, आणि शोधायचा काय तर गणपतीचा दात. खेळातली ती मुलगी दुसरीला गोष्ट सांगायला लागली, परशुराम शंकराला भेटायला आला, गणपतीने दार अडवलं, परशू फेकला. सासूबाई वाती वळत मागे बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच पुढचं सांगितलं: परशू शंकरानेच दिलेला, वडिलांच्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणपतीने तो चुकवला नाही, दातावर झेलला. मुलाने गेम थांबवून पूर्ण ऐकलं. एरवी हाक मारली तर थांबत नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "ती पोरगी देवळाच्या खांबांवर चढतेय, तिला खाली उतरव."

बदाम_सत्ती

सासूबाईंना दंडवत _/\_

उन्हाळी_सुट्टी

त्यांना राजी हा गेम दाखवा मग. पुण्यातल्याच लोकांनी बनवलेला, २०२० चा. दुर्गा आणि विष्णू मिळून गोष्ट सांगतात, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की पुराणातल्या कथा ऐकायला मिळतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांचे. लढाई मला जरा कंटाळवाणी वाटली पण चित्रांसमोर मी चिकार वेळ रेंगाळले.

भगवा_जरीपटका

एम्पायर टोटल वॉर, २००९. १७०० सालापासून सुरू होतो आणि मराठे घेऊन खेळता येतं. बाकी काही बोलत नाही. अटकेपार तर गेलोच, नंतर आरमार घेऊन लंडनला पण जाऊन आलो.

हाव_ना_बाप्पा

लंडनात काय केलं मंग?

भगवा_जरीपटका

कर वाढवला.

रांगडा_गडी

:) :) :)

तिखट_शेव

काय एकेक अनुभव आहेत! एज ३ च्या २००७ च्या विस्तारात भारत घेतला की गाई मारता येत नाहीत, गोठ्यात बांधून ठेवायच्या आणि अनुभवाचे गुण मिळवायचे, हे कुणाला आठवतंय का? रूममेट बंगलोरचा होता, तो तर कुंपणात दहा गाई भरून निवांत.

साताऱ्याची_थंडी

मी काही संदर्भ वगैरे शोधले नाहीत. आम्ही पोवई नाक्याजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन फक्त एकमेकांना मारायचो.

भाकरी_पिठलं

पोवई नाका?? जिन्याखाली होता तो? पडदे लावलेला?

साताऱ्याची_थंडी

तोच!! तीन नंबरच्या मशीनचा एम दाबला जायचा नाही.

भाकरी_पिठलं

म्हणून तिथे बसणाऱ्याला "मार्को" टाकता यायचं नाही! मी कायम तिथेच असायचो रे. बॅच कुठली तुझी?

साताऱ्याची_थंडी

२००४ दहावी. खासगी निरोप केलाय, बघ.

तिखट_शेव

तुमचं जमलं की मलाही घ्या. शनिवारी रात्री भाचा आणि मी असतो, दोन जागा रिकाम्या आहेत.

मोगरा_कळी

एक माझी. मोटार मीच चालवणार.