विषय: होई आनला कोट शिवून घ्यावा का?

नमस्कार मंडळी,
नोव्हेंबरअखेर लातूरला भाचीचं लग्न आहे. मेलबर्नहून जाताना व्हिएतनामला चार रात्री थांबतोय, त्यातल्या तीन होई आनला. तिथं २४ तासांत सूट शिवून देतात म्हणे. ह्यांचा कोट आणि माझे तीन ब्लाउज तिथंच उरकावेत असं मनात आहे. कुणी शिवलंय का? खरं काय ते सांगा.
— लातूरकरीण

---

ताई,
सध्या परभणीतच आहे आणि माझा कोट समोर खुंटीला लटकलाय, म्हणून लगेच लिहितो.

माझा बँकॉकचा. टुकटुकवाल्यानं "दहा मिनिटं नुसतं बघा" म्हणत दुकानात नेलं (त्याचं कमिशन ठरलेलं असतं, हे मागाहून कळलं). दोन कोट, चार शर्ट, वर टाय फुकट. आज माप, उद्या रात्री एक ट्रायल, परवा पहाटे विमान. ट्रायलला काखेत ओढत होतं. "सर, नो प्रॉब्लेम," ते म्हणाले आणि मी मान डोलावली. दोनदा ड्राय क्लीन झाला नि छातीवर पापडासारखे फुगे आले.

इथं वडिलांपासूनच्या मास्तरांकडं नेला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, ब्लेडनं अस्तर चार बोटं उसवलं, आत बोट फिरवलं. "चिकटवलंय बगा." कोटाच्या छातीत कॅनव्हास टाके घालून बसवतात, इथं इस्त्रीनं फ्यूजिंग डकवलेलं. एका रात्रीत दुसरं काय होणार म्हणा. मग कापडाच्या कडेचा धागा ओढून काडी लावली. लोकर असती तर केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली असती. राहिला काळा टणक मणी. म्हणजे 'प्युअर वुल' म्हणून घेतलेलं ते पॉलिस्टर. पण मास्तर हळहळले ते तिसऱ्याच गोष्टीवर: "सायेब, ह्यानं मायाच ठेवली न्हाई. सोडवू कुठून?" (माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड.)

तेव्हा होई आनला पोचल्या पोचल्या, बॅगा टाकून, आधी दुकान गाठा, देवळं-पूल नंतर. तीन रात्रींत दोन ट्रायल बसतात. ट्रायलला भाऊजींना आरशासमोर नुसतं उभं करू नका, खुर्चीत बसवा, हात वर करायला लावा. बाजूच्या नि पाठीच्या शिवणीत इंचभर माया, हे पावतीवर लिहून घ्या. निम्मे पैसे शेवटच्या ट्रायलनंतर. आणि नोव्हेंबर हा तिकडचा पावसाळा. थू बोन नदीचं पाणी जुन्या गावात शिरतं, दुकान जरा उंचावरचं बघा!

ब्लाउज मात्र तिथं नको. कटोरी म्हणजे काय हे खुणांनी समजावण्यातच एक दिवस जाईल.
— परभणीकर अण्णा

---

अण्णांच्या मायेला अनुमोदन.
मी होई आनलाच लिननचे दोन शर्ट शिवले, चार वर्षं झाली, काजसुद्धा उसवलं नाही. नवीन फॅशन सांगत बसलो नाही. अंगावरचा जुना शर्ट काढून दिला आणि "अस्सा" म्हटलं. नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

वहिनी, लग्नात कोटच कशाला पण? संभाजीनगरला उतरून हिमरूचं, म्हणजे तिथलं रेशीम-सुताचं नक्षीदार, कापड घ्या नि भाऊजींना जॅकेट शिवा. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या विणकरांशी ही कला जोडतात. हातमागावरचं मिळतंय का ते विचारून घ्या, दुकानात यंत्रमागाचंही असतं. आणि अस्तर लावल्याशिवाय शिवू नका. उलट्या बाजूला सुटे धागे असतात, घड्याळ अडकलं की सरकन् निघतात. आमच्या साडूंचं हे भर मांडवात झालं, अक्षता एका हातात आणि धागा दुसऱ्या.
— गुलमंडीवाला

---

अण्णा, भाऊजी, आभारी आहे.
कोट होई आनला, पहिल्याच दिवशी. ह्यांचा जुना कोट नमुन्याला नेतेय, तो वीस वर्षांपूर्वीचा आहे, तेवढं पोट मास्तरांनी धरून चालावं. हिमरूचं ह्यांना विचारलं, "मी काय नवरदेव आहे का?" म्हणाले. बघू.

ब्लाउजसाठी लातूरला आईच्या शिंपिणीला फोन लावला. तुळशीचं लग्न लागलं की नवीन काम घेत नाही म्हणाली. मापाचा ब्लाउज आधी पोचला तरच. अण्णा, तुम्ही परभणीला आधीच पोचलात. ह्या पंधरवड्यात कुणी लातूर, उदगीर किंवा नांदेडकडं चाललंय का? एकच ब्लाउज आहे, शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाही. मी विमानतळावर आणून देते.
— लातूरकरीण