जुन्या गेम्सची खोकी आणि कव्हरं: काय ठेवायचं, कसं जपायचं, कसं छापायचं?

प्रश्न: पुठ्ठाप्रेमी

संग्रहात तीन प्रकारचे गेम्स आहेत: पीसीची मोठी पुठ्ठ्याची खोकी, कार्ट्रिजची (गेम साठवलेल्या प्लॅस्टिकच्या डबीची) लहान पुठ्ठ्याची खोकी आणि डीव्हीडी मापाचे प्लॅस्टिक केस. जागा अपुरी पडतेय, म्हणून पुठ्ठ्याची खोकी चपटी करून ठेवावीत असा विचार आहे. काही खोक्यांच्या कण्यावरचा (कपाटात बाहेर दिसणाऱ्या अरुंद बाजूवरचा) लाल रंग जाऊन तो निळसर दिसतोय. काहींवर किमतीचे जुने स्टिकर आहेत. दोन केसची कव्हरं गहाळ आहेत, ती छापून घालायची आहेत.

आणि एक मूळ शंका. डिस्क आणि मॅन्युअल नीट जपलं, तर खोक्याशिवाय काय अडतं?

---

उत्तर: कार्ट्रिजकट्टा

आधी एक सांगतो: खोकी चपटी करू नका. छापखान्यातून ती चपटीच येतात हे खरं, पण तेव्हा पुठ्ठा ताजा असतो. वर्षानुवर्षं ९० अंशांत बसलेली घडी आता १८० अंशांत दाबली, तर वरचं वार्निश आणि शाई तडकते आणि घडीवर कायमची पांढरी रेघ उमटते. चिकटवलेली पट्टी सोडवायला गेलात तर छापील थरच सोलून निघतो.

आता शंकेबद्दल. १९७७ साली अटारी २६०० हे घरगुती गेम-यंत्र आलं, तेव्हा पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांपलीकडे फारसं काही दाखवता येत नव्हतं. 'कॉम्बॅट'मधला रणगाडा म्हणजे मोजके ठिपके. खेळणाऱ्याच्या मनात युद्ध उभं केलं ते क्लिफ स्पोन यांच्या रंगवलेल्या चित्रांनी. अनेक दृश्यं एकमेकांत मिसळलेली ती मांडणी अटारीच्या खोक्यांची ओळख बनली. हे चित्र काढून घेतलं तर तो गेम तेव्हाच्या माणसाने कसा अनुभवला, हे कळायला मार्गच राहत नाही.

याच्या बरोबर उलटं उदाहरण निन्टेंडोचं. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि गिऱ्हाईक खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. १९८५ मध्ये तिथे एनईएस हे आपलं गेम-यंत्र आणताना निन्टेंडोने काळ्या पार्श्वभूमीवर गेममधलीच पिक्सेल-चित्रं मोठी करून छापली. आत जे आहे तेच बाहेर, असा त्याचा अर्थ होता. ही दोन खोकी शेजारी ठेवली की त्या आठ वर्षांत काय बदललं ते समोर दिसतं.

'इको' या गेमचंही तसंच. जपान आणि युरोपमधल्या कव्हरवर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलेलं, इटालियन चित्रकार दे किरिकोच्या चित्रशैलीवरून सुचलेलं दृश्य आहे: लांब सावल्या, रिकामी जागा, दोन छोट्या आकृत्या. अमेरिकेतलं कव्हर संगणकावर बनवलेलं, मुलाचा चेहरा पुढे आणणारं. गेम तोच, पण हातात घेताना अपेक्षा पूर्ण वेगळी. मला पहिलं कव्हर कितीतरी सरस वाटतं, कारण गेममधला एकटेपणा त्यात आधीच उतरलेला आहे.

'डिस्क आणि मॅन्युअल पुरे' हे तर काही गेम्सना लागूच पडत नाही. इन्फोकॉम कंपनीच्या 'डेडलाइन' या मजकुरावर चालणाऱ्या रहस्य-गेममध्ये (१९८२) पोलिसांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, अगदी गोळ्यांची पुडीसुद्धा खोक्यात होती, कारण सगळा मजकूर डिस्कवर मावत नव्हता. पुढे अशा कागदांचा उपयोग नक्कल रोखण्यासाठीही झाला: गेम मध्येच प्रश्न विचारतो आणि उत्तर छापील कागदावर असतं. तो कागद हरवला तर गेम तिथेच अडतो. म्हणून खोकं टाकण्याआधी आतला प्रत्येक कपटा तपासा.

---

उत्तर: शाई_आणि_वार्निश

कण्याचं कारण सरळ आहे: उजेड. चार रंगांच्या छपाईत मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी शाई उजेडाला लवकर हार मानते, निळसर सायन आणि काळी टिकून राहते. लाल म्हणजे मॅजेंटा अधिक पिवळा, त्यामुळे तो सगळ्यात आधी जातो. कपाटात कणाच बाहेर असतो, म्हणून फटका त्यालाच बसतो. गेलेला रंग परत येत नाही. मार्करने रंगवू नका, शाई पुठ्ठ्यात पसरते आणि दुरुस्ती उठून दिसते. खिडकीसमोरून कपाट हलवा. काच अतिनील किरण काही प्रमाणातच अडवते, आणि दिसणारा उजेडही रंग उडवतोच.

आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ६५ च्या वर गेली की बुरशीची भीती. पण बंद डब्यात सिलिका जेलचा भडिमार केला तर पुठ्ठा कोरडा पडून वार्निश तडकतं. सतत वर-खाली होणारी आर्द्रता स्थिर आर्द्रतेपेक्षा वाईट, कारण पुठ्ठा फुगतो-आकसतो आणि वरची छपाई त्याच्याबरोबर हलत नाही.

संरक्षक आवरण पीईटीचं (पारदर्शक, कडक प्लॅस्टिकचं) घ्या, जाडी ०.३ ते ०.५ मिमी, खोक्यापेक्षा प्रत्येक बाजूने १ मिमी मोठं. घट्ट बसणारं घेतलं तर घालता-काढताना कोपरे झिजतात. मऊ पीव्हीसी टाळा. त्यातलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं आणि आवरण छपाईला चिकटून बसतं. खोकी उभी ठेवा, एकावर एक रचू नका. रिकाम्या मोठ्या खोक्यात आम्लमुक्त टिश्यू सैल भरा म्हणजे बाजू आत दबत नाहीत. न उघडलेल्या खोक्याचं श्रिंक-रॅप (कारखान्यातलं पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण) घट्ट होत जाऊन कोपरे वाकवत असेल, तर ते ठेवायचं की कापायचं हे तुम्हीच ठरवा. मी पुठ्ठ्याच्या बाजूने आहे.

स्टिकरसाठी हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, १५ सेमी अंतरावरून २०-३० सेकंद. मग स्टिकर वर न ओढता जवळजवळ सपाट मागे वळवत सोला. अडला की थांबा, पुन्हा गरम करा. उरलेला चिकटा चकचकीत वार्निशवरून लाइटर फ्ल्युइडने निघतो. कापसाच्या बोळ्याला अगदी थोडं लावा, आधी तळाच्या झाकणावर चाचणी घ्या, खोली हवेशीर असू द्या आणि आगीपासून लांब राहा. ॲसिटोन वापरूच नका. वार्निश नसलेल्या पुठ्ठ्यावर कुठलंच द्रावण नको, डाग आत मुरतो. तिथे स्टिकर राहू दिलेला बरा.

---

उत्तर: सहाशे_डीपीआय

कव्हर छापण्याबद्दल. डीव्हीडी केसचं कव्हर २७३ × १८३ मिमी असतं: १२९.५ मागची बाजू, १४ कणा, १२९.५ पुढची. ए४ कागदावर ते आरामात मावतं, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिमी जादा रंग धरूनसुद्धा. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) फाइल, जादा रंग वगळून, सुमारे ३२२४ × २१६१ पिक्सेलची हवी. सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिल्यामुळे. प्रिंटर माप किंचित बदलतो आणि कणा सरकतो. १०० टक्के निवडा आणि आधी साध्या कागदावर छापून पट्टीने मोजा.

कागद १२० ते १५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). त्याहून जाड कागद कण्यापाशी फुगतो आणि केस नीट बंद होत नाही. कागदाचे तंतू कण्याला समांतर असू द्या, आडवे असले की घडी फाटकी दिसते. छापल्यावर काही तास सुकू द्या, मग १२९.५ आणि १४३.५ मिमीवर संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घडी घाला.

सीडीच्या केसचे गेम असतील तर पुढची पुस्तिका १२० × १२० आणि मागचा कागद १५१ × ११८ मिमी, त्यात दोन्ही बाजूंना ६.५ मिमीच्या घड्या.

स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय, जमलं तर १२००, टिफ फाइल (तपशील न गमावणारी), आणि आपोआप रंग सुधारणं बंद. ते चालू असलं तर एकाच खोक्याच्या दोन बाजूंचे रंग जुळत नाहीत. छपाई ठिपक्यांची असते, त्यामुळे ३०० ला थेट स्कॅन केलं की जाळीदार लाटा उमटतात. मूळ फाइलला हात लावू नका, ठिपके मिटवण्याचं काम प्रतीवर करा. पातळ कागदामागे काळा कागद ठेवा, नाहीतर मागची छपाई झिरपून दिसते. खोक्यासाठी सीसीडी स्कॅनर (भिंगाचा, जाड प्रकारचा) हवा. पातळ सीआयएस स्कॅनरमध्ये काचेपासून जरा उचललेला भागही धूसर येतो. झाकण दाबू नका, वरून काळं कापड टाका. चंदेरी फॉइल स्कॅनरवर काळं पडतं, त्याचा फोटो काढा, दोन दिवे ४५ अंशांवर ठेवून.

---

पुठ्ठाप्रेमी

खोकी उभीच ठेवतो. एक राहिलं: कव्हर छापण्याऐवजी जुनं विकत घेतलं, तर ते मूळ आहे की अलीकडे छापलेलं, हे कसं ओळखायचं?

---

शाई_आणि_वार्निश

१० पट भिंग घ्या आणि मागच्या बाजूचा सगळ्यात बारीक काळा मजकूर पाहा. मूळ ऑफसेट छपाईत (छापखान्यातल्या यंत्रावरच्या) तो फक्त काळ्या शाईचा असतो: सलग, धारदार कडा. स्कॅन करून छापलेल्यात तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनतात आणि कडा केसाळ दिसतात. मग चित्राचा भाग पाहा. ऑफसेटमध्ये ठिपके नियमित अंतरावर, लहान फुलांसारख्या गोलाईत दिसतात, इंकजेटमध्ये (घरगुती शाईच्या प्रिंटरमध्ये) ते विखुरलेले असतात. बारकोडच्या रेघा हीसुद्धा चांगली जागा आहे. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. मजकूर आणि चित्र दोन्हीकडे तेच दिसलं, तरच ठरवा.

आणि तुम्ही स्वतः छापलेल्या कव्हरच्या आतल्या बाजूला 'प्रत' असं आणि छापल्याचं वर्ष पेन्सिलने लिहून ठेवा. उद्या तो केस दुसऱ्या कुणाकडे गेला तरी त्याची फसगत होणार नाही.