'स्पॉक्स ब्रेन'ला धमाल म्हणणाऱ्यांसाठी

वल्कनवासी: काल इथे कोणीतरी लिहिलं की स्टार ट्रेक ह्या जुन्या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा 'स्पॉक्स ब्रेन' हा भाग म्हणजे निव्वळ धमाल, आणि नावं ठेवणाऱ्यांना विनोदबुद्धी नाही. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. अहो, विनोदी भाग हवा तर ट्रिबल्सवाला, त्या केसाळ गोळ्यांसारख्या प्राण्यांचा, आहे की! तो ठरवून विनोदी लिहिलाय. इथे मात्र सगळे गंभीर चेहऱ्याने वावरतात. एक बाई येऊन यानावरच्या स्पॉक ह्या अधिकाऱ्याचा मेंदू काढून नेते, यानाचा डॉक्टर मॅकॉय बिनमेंदूच्या स्पॉकला बटणं दाबून चालवतो, आणि मेंदू परत बसवताना पेशंटच सर्जनला सूचना देतो. वर स्पॉकच्या केसांचा भांगसुद्धा विस्कटत नाही! प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून मालिका वाचवली आणि २० सप्टेंबर १९६८ ला तिसऱ्या सीझनचा शुभारंभ ह्या भागाने. तोंडाला पानं पुसली बिचाऱ्यांच्या.

खडूसकाका: झालं, आता तिसऱ्या सीझनचा निर्माता फ्रायबर्गर, त्याचा उद्धार सुरू होईल. एनबीसी वाहिनीने शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, पैसे कापले, मालिकेचा जनक रॉडनबेरी रुसून बाजूला झाला. नव्या निर्मात्याने काय घरचे दागिने विकायचे होते? आम्ही ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी डोळे फाडून बघितली. तेव्हा भांग कोण बघत होतं?

वल्कनवासी: काका, फ्रायबर्गरचं नाव तुम्ही काढलंत, मी नाही. कथा जीन कूनची. 'डेव्हिल इन द डार्क'सारखा गाजलेला भाग लिहिणाऱ्या माणसाने इथे 'ली क्रोनिन' हे टोपणनाव लावलं, ह्यातच काय ते आलं.

खडूसकाका: 'स्पेक्टर ऑफ द गन' ह्या भागावरही तेच नाव आहे. त्याचीही लाज वाटली का त्याला? उगाच ठोकून देऊ नका.

निशिगंधा_क: पैसे कमी होते म्हणून बायका बिनडोक दाखवायच्या? मेंदू नेणाऱ्या बाईच्या ग्रहावर पुरुष वर बर्फात, बायका जमिनीखाली उबेत, तोकड्या कपड्यांत, आणि अक्कल पाच वर्षांच्या पोरीची. गाव चालवायला मेंदू लागतो तोही पुरुषाचा! पटलं ते एकच, तो 'टीचर'. डोक्यावर टोप घातला की ज्ञान आलं, थोड्या वेळाने गेलं. थेट आपले क्लासेस. माझ्या भाच्याला बारावीला केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी, आणि कॉलेजात ब्युरेट धरताना हात लटपटतात.

गुणाकार: ताई, मी क्लास चालवतो. आमच्या तालुक्यात कॉलेजची प्रयोगशाळा वर्षभर कुलूपबंद असते. मुलांना ब्युरेट मी दाखवली, स्वतःच्या खिशातून आणून. भाच्याचे हात लटपटतात तर त्याच्या कॉलेजला विचारा.

निवृत्त_मास्तर: कुलूपबंद का असते हो? मुलं सकाळपासून तुमच्याकडे बसलेली, हजेरी आमच्याकडे. मी रिकाम्या बाकांना भिंग समजावलंय.

गुणाकार: रिकाम्या बाकांना तरी समजलं का? माझ्याकडे येणारी पोरं सांगतात, सर पुस्तकातलं वाचून दाखवायचे आणि 'महत्त्वाचं' म्हणून खुणा करायला लावायचे.

निवृत्त_मास्तर: तोंड सांभाळून बोला. तुमच्या 'हमखास प्रश्नां'च्या वह्या गोळा करून मी रद्दीत घातल्या आहेत. परीक्षा संपली की तुमच्या पोरांचा मॅकॉय होतो, अर्ध्या ऑपरेशनमध्ये सगळं विसरतो.

वल्कनवासी: मंडळी, धागा स्पॉकचा आहे!

खडूसकाका: राहू द्या हो, मूळ भागापेक्षा हे बरं चाललंय. आणि भांगाचं मान्य. बायकांचंही, निशिगंधाताई, अर्धं मान्य. पण ह्याच सीझनमध्ये 'द थोलियन वेब'सारखा चांगला भाग आहे, ते कोणी बोलणार नाही.

निशिगंधा_क: अर्धं! उपकार झाले, काका.

गुणाकार: मास्तर, उरलेलं व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बोलू.

निवृत्त_मास्तर: व्यनि कशाला? इथेच सगळ्यांसमोर सांगा, फी किती घेता?