१९७१ चा रेडिओ: बातम्यांच्या मधल्या वेळात काय लागायचं?

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. इंदिराबाई तेव्हा कलकत्त्यात होत्या. त्या रातोरात दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर रेडिओवरून देशाशी बोलल्या. १६ तारखेला ढाका पडलं, १७ ला रात्री आठपासून पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. हे सगळं पुस्तकांत आहे, त्यासाठी धागा नको.

मला हवाय तो मधला वेळ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे त्या डिसेंबरात आपल्याकडे घरात जे काही पोचत होतं ते रेडिओवरून किंवा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून. पण रेडिओ काही दिवसभर युद्ध सांगत नव्हता. दहा-पंधरा मिनिटं बातम्या, की पुन्हा भजन, बाजारभाव, नाट्यगीत, पाककृती. माझ्या मते लोकांनी ते दिवस काढले ते या बाकीच्या कार्यक्रमांवर, आणि नेमकं तेच कोणी लिहून ठेवत नाही. तर लिहा. स्वतःचं नसेल तर आईवडिलांकडून ऐकलेलं चालेल. १९७१ सोडून दुसऱ्या लढाईचं असलं तरी चालेल, फक्त ते रेडिओबद्दल असावं. 'आमच्या काळी देशभक्ती होती' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

गिरगावचा_जिना

आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. तापायलाच वेळ घ्यायचा, म्हणून बातम्यांच्या जरा आधी खटका दाबून ठेवायचा. ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद लागले, बल्बला पुठ्ठ्याची टोपी आली, पण डायलमागचा पिवळा दिवा आणि तो स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा मॅजिक आय गॅलरीतून लख्ख दिसायचा. खालून वॉर्डन ओरडायचा, "तिसरा मजला, दिवाऽ!" शेवटी आईने जुन्या परकराचा तुकडा डायलवर टाचण्यांनी लावला. मग काटा दिसेना. वडील अंदाजाने बटण फिरवायचे आणि मुंबई ब हे मराठी केंद्र शोधता शोधता कुठलं तरी अरबी स्टेशन लागायचं. शेजारचे काका म्हणायचे, "अहो, आपण कराची घेतली की काय?"

दुपारी मात्र रेडिओ आईचा. वनिता मंडळात एकदा जवानांसाठी लोकरीचे मोजे कसे विणायचे ते सांगितलं. बाई सावकाश सांगत होत्या, दोन सुलट, दोन उलट, टाचेपाशी टाके कमी करा. आईने ते कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर

— थांबा, कालनिर्णय १९७३ चं. कुठल्या तरी दुकानाचं कॅलेंडर असणार. तर त्याच्या मागे उतरवून घेतलं. मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी त्यावरून मोजे विणले. एकाही जोडीतले दोन मोजे सारख्या मापाचे नव्हते, तरी पाठवले.

संत्रानगरी

नागपूर. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे, नागपूर इथे, १९६७ साली. त्यामुळे आमच्या युद्धाला साबण, डोकेदुखीच्या गोळ्या आणि केसांचं तेल यांची सोबत होती. जोशपूर्ण गाणं संपलं की लगेच टूथपेस्ट. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आजोबा चिडायचे.

पण खरी लढाई बुधवारची. रात्री आठ ते नऊ रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला आणि पावणेनऊला दिल्लीहून हिंदी बातम्या. जाणकारांच्या लक्षात आलंच असेल: गीतमालेत वरच्या पायदानांची गाणी शेवटी यायची. अमीन सायानी उत्सुकता ताणत ताणत वर चढत आणायचे आणि ऐन मोक्याला वडील काटा फिरवायचे. ८ डिसेंबरला भाऊ रडलाच. म्हणाला, बातम्या उद्या सकाळी पण येतात, पहिलं गाणं येत नाही. युक्तिवाद बिनतोड होता, पण रेडिओचं लायसन्स वडिलांच्या नावावर होतं. हो, पोरांनो, रेडिओ ऐकायला तेव्हा लायसन्स लागायचं. पोस्टात दरवर्षी पैसे भरून पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची.

कृष्णाकाठ

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. फौजींचं गाव म्हणून अपशिंग्याइतकं नाव नाही गावाला, पण घरटी नाही तरी दोन घरांआड एक जवान होताच. रेडिओ मोजक्यांकडे. बाकी सगळं गाव पंचायतीच्या रेडिओवर. तो आत कुलपात आणि कर्णा बाहेर पिंपळावर. किल्ली शिपायाकडे. तो जेवायला गेला की गावाचा जगाशी संबंध तुटायचा.

सांगली केंद्र खणखणीत लागायचं. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग गुळाचे भाव. माणसं गुळाच्या भावालाही गप्प बसून ऐकायची, कारण पुढे बातम्या असायच्या आणि मधे उठून गेलं तर जागा जायची. पण बायका यायच्या त्या जयमालेला. विविध भारतीवर फौजी भावांच्या फर्माइशी लागायच्या, त्यात शिपायांची नावं वाचायचे. हुद्दा, नाव, मग गाणं. माझी चुलती नवी नवरी होती. चुलता जम्मूकडे होता, पत्रावर पत्ता म्हणून नुसतं लष्करी टपालाचं ५६ एपीओ. ती लांब, पारापलीकडे, पदर ओढून उभी राहायची. नावं वाचून झाली की गाणं सुरू व्हायच्या आधीच माघारी फिरायची. फर्माइशीच्या पोस्टकार्डाला दिल्ली-मुंबई करत लागायला महिना लागणार, तवर लढाई संपल हे कुणी तिला सांगितलं नाही. चुलता पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी कधी फर्माइश पाठवलीच न्हवती. मला गाण्यातलं काय कळतंय?"

बेळगावी_कुंदा

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, पहिली बटालियन, जंगी पलटण. पूर्वेला होते. जमालपूरच्या लढाईबद्दल घरी फारसं बोलले नाहीत, ट्रान्झिस्टरबद्दल मात्र पुष्कळ बोलायचे. उत्तरेकडून खाली उतरताना वाटेतल्या खेड्यांत लोक झाडाखाली एका ट्रान्झिस्टरभोवती उकिडवे बसलेले असत. एक तर कलकत्ता आकाशवाणी, त्यावर देवदुलाल बंद्योपाध्याय यांचा आवाज, नाही तर 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र'. हे केंद्र २६ मार्चला चितगावजवळ कालुरघाटला सुरू झालं, तिथे बॉम्ब पडल्यावर हलवावं लागलं आणि २५ मेपासून कलकत्त्यातल्या एका घरातून कार्यक्रम होऊ लागले. पन्नास किलोवॉटचा ट्रान्समीटर आपल्याकडचा, माणसं सगळी त्यांची.

त्यावर 'चरमपत्र' म्हणून कार्यक्रम लागायचा. एम. आर. अख्तर मुकुल लिहायचे आणि स्वतःच वाचायचे, तेही शुद्ध पुस्तकी बंगालीत नाही, ढाक्याच्या रस्त्यावरच्या बोलीत. पाकिस्तानी सैन्याची यथेच्छ टिंगल. वडिलांना बंगालीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण ते म्हणायचे, सगळं खेडं पोट धरून हसतंय, ज्यांच्या घरावर छप्पर नाही ते पण हसतायत, मग आमची मराठी पोरंही हसायची. कशाला हसलो ते विचारायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट लष्करप्रमुख माणेकशॉंची. पाकिस्तानी सैनिकांना उद्देशून त्यांचे संदेश आकाशवाणीवरून लागायचे: वेढले गेला आहात, शस्त्रं ठेवा, तुम्हाला सैनिकाला शोभेल असं वागवलं जाईल. तेच छापून विमानातून टाकायचे. वडिलांचं म्हणणं, पत्रक ओलं होतं, फाटतं, अधिकारी काढून घेतो. रेडिओ काढून घेतला तरी शेजारच्या खंदकातला ऐकू येतोच.

मालवणी_मेवा

आमच्याकडे रत्नागिरी केंद्र तेव्हा नव्हतं. पणजी लागे, रात्री मुंबई लागे, कधी दोन्ही एकमेकांत घुसत. मामा नेव्हीत होता. कुठल्या जहाजावर ते घरी माहीत होतं, जहाज कुठे आहे ते नाही. ४ च्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला ते रेडिओवर आलं तेव्हा वाडीत पेढे वाटले. साखर नव्हती म्हणून गूळखोबरं, पण पेढेच म्हणायचे.

मग खुकरी, आपली युद्धनौका. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कप्तान मुल्ला जहाजाबरोबर गेले. हे आकडे मी नंतर वाचलेले. घरी त्यातलं फक्त नाव पोचलं, एका बातमीत. मामाचं जहाज दुसरं होतं. पण आजीला जहाजांची नावं पाठ नव्हती. तिला कोणी तरी समजावलं की ती वेगळी बोट, तर म्हणाली, "मगे त्या बोटीर कोणाचे झील (मुलगे) होते?" बातम्यांनंतर नेहमीसारखा भजनाचा कार्यक्रम लागला. आजोबांनी बंद करायला हात पुढे केला, आजीने करू दिला नाही. आमच्या तालुक्यात घरोघर नेव्हीतली माणसं. त्या आठवड्यात तारवाला दिसला की लोक दारं लावून घ्यायचे, म्हणजे तो पुढच्या घरी जाईल म्हणून. तो बिचारा मनीऑर्डरी वाटत फिरत होता.

मामा फेब्रुवारीत आला. त्याला रेडिओबद्दल विचारलं तर जहाजावर काय ऐकत होता ते त्याने कधीच नीट सांगितलं नाही.

मडगांवकार

दहा वर्षं मागे जातो, धागाकर्त्याने परवानगी दिली आहे. गोव्यात पोर्तुगीजांचं 'एमिसोरा द गोवा' हे रेडिओ केंद्र होतं. संगीत उत्तम, बातम्या लिस्बनला आवडतील त्या. आणि दुसरीकडे गोवा मुक्तीचा गुप्त रेडिओ, 'व्हॉइस ऑफ फ्रीडम', वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो चालवत. २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झाला, आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. सहा वर्षं ही दोन माणसं रानात राहून रोज बोलत होती. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला कळेल मी काय म्हणतोय.

माझे आजोबा पोर्तुगीज कचेरीत कारकून. ते घरी हा रेडिओ लावायचे तेव्हा आजी अंगणात उखळाशी बसून मुसळ आपटायची, उखळात काही नसलं तरी. १९ डिसेंबर १९६१ ला त्या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं आणि पत्रकं टाकली. सहा वर्षं रेडिओवर काढली आणि मुख्य बातमी द्यायची वेळ आली तेव्हा भोंगा! एमिसोराचं पुढे आकाशवाणी पणजी झालं, म्हणजे मालवणी_मेवांच्या आजीने ऐकलेलं तेच.

पेठेतला_पोपट

गुप्त रेडिओचा विषय निघालाच आहे तर १९४२ चा काँग्रेस रेडिओ राहू नये. उषा मेहता आणि मंडळी, मुंबईतून, ४२.३४ मीटरवर. जागा सारखी बदलायची. १२ नोव्हेंबरला गिरगावात पारेख वाडीत पोलिसांनी पकडलं. त्याच वर्षी १ मार्चला बीबीसीने लंडनहून मराठीत बोलायला सुरुवात केली होती. म्हणजे त्या वर्षी मुंबईतल्या माणसाने काटा थोडा फिरवला की सरकारही आपल्या भाषेत बोलत होतं आणि सरकारला घालवणारेही काट्यावरच होते. माझ्या पणजोबांनी दोन्ही ऐकल्याचं घरात सांगतात. त्यांना खरा रस शेअरबाजारात होता.

धागाकर्ता

मंडळी, भन्नाट चाललंय. एक विनंती: केंद्रात आतल्या बाजूला काम केलेलं कोणी आहे का? १६ तारखेला संध्याकाळी इंदिराबाईंनी लोकसभेत ढाका मुक्त झाल्याचं सांगितलं, बातमी दिल्लीहून आली. त्यानंतर आपल्या केंद्रांनी काय लावलं? शहनाई?

निवृत्त_निवेदिका

मी होते, कॅज्युअल म्हणजे हंगामी निवेदिका म्हणून. केंद्राचं नाव लिहीत नाही.

युद्ध सुरू झाल्यावर फाटकावर पहारा बसला, रोजच्या चहावाल्यालासुद्धा पास. स्टुडिओत मात्र काम तेच. निवेदनाचं प्रत्येक वाक्य आधी कागदावर लिहायचं, ड्यूटी ऑफिसरची सही घ्यायची, मग माइकसमोर जायचं. मनाने एक शब्द जोडायचा नाही. दिल्लीच्या बातम्या लांबल्या तर पुढचा कार्यक्रम कापायचा, अचानक संपल्या तर रिकामा वेळ भरायला सतारीचा नाही तर बासरीचा स्पूल (टेपचं रीळ) मशीनवर चढवूनच ठेवलेला असे. त्या पंधरवड्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली असेल तर ती शांततेची. श्रोत्यांना दोन मिनिटं काही ऐकू आलं नसतं तर लोकांनी केंद्र उडालं असंच समजलं असतं.

१६ ची संध्याकाळ. बातमी आली, कंट्रोल रूममध्ये इंजिनियर लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, काचेपलीकडून मला नुसते हलणारे ओठ दिसत होते. बातम्या संपल्या. आता काय लावायचं? वरिष्ठ घरी निघून गेलेले, फोन लागेना. ड्यूटी ऑफिसर तरुण होते. त्यांनी देशभक्तीपर गाण्यांचा स्पूल मागवला, तो ग्रंथालयात नव्हता, कारण दोन आठवडे सगळे तोच वाजवत होते आणि कोणी तरी तो दुसऱ्या स्टुडिओत ठेवून दिला होता. मशीनवर चढवलेला होता तो वेळापत्रकातला: द्राक्षावरच्या भुरी रोगाचं नियंत्रण, कृषी अधिकाऱ्यांचं भाषण. तेच लावलं. ढाका मुक्त झाल्यावर आमच्या केंद्राने पहिलं काय सांगितलं असेल तर गंधकाची धुरळणी सकाळी करावी, वारा पडलेला असताना करावी.

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. एका प्राध्यापकांनी खरमरीत लिहिलं होतं की एवढ्या ऐतिहासिक क्षणी आकाशवाणीला काही औचित्य आहे की नाही. आणि नाशिककडच्या एका बागाईतदारांनी लिहिलं होतं की आमच्याकडे त्या वेळी फटाके वाजत होते, तरी गंधकाचं एकरी प्रमाण कृपया पुन्हा सांगावं. दुसऱ्या पत्राचं उत्तर आम्ही प्रसारित केलं.