गो-लाइव्हची तारीख जाहीर झाली, तयारी झालेली नाही. एमडींना कसं सांगू?

आयटीप्रमुख_चाकण

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी आयटी सांभाळते. तीन प्लांट आहेत. खरेदी, साठा, हिशेब सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्या जुन्या एसएपी ईसीसीवरून त्याच्याच नव्या आवृत्तीवर, एस/४ हानावर, जायचं काम वर्षभर चाललंय. जुन्याचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, तेव्हा जायचं हे नक्की. कधी, यावर माझी झोप उडाली आहे.

नवी सिस्टिम सुरू करायची, म्हणजे गो-लाइव्हची, १ एप्रिल ही तारीख एमडींनी खंडेनवमीला मशीनपूजा झाल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केली. हिशेबाला ती सोयीची, नवं वर्ष सुरू होतं. पण मार्चएंडला अकाउंट्सची जी सहा माणसं रात्री अकरापर्यंत बसतात, तीच मला टेस्टिंगला हवी आहेत.

मागच्या आठवड्यात नव्या सिस्टिमवर जायची दुसरी रंगीत तालीम झाली. डिस्पॅच बंद ठेवायला मला ४८ तास मिळणार आहेत. तालमीत ६३ लागले.

तासांचं एक वेळ जमवता येईल. खरी धास्ती वॉशरची आहे. १२ मिमीचा वॉशर सिस्टिममध्ये नगावर आहे, स्टोअरमध्ये तो किलोवर मोजतात. किलोला १६० नग हा आकडा सिस्टिममधल्या मालाच्या कुठल्याही मूळ नोंदीत, म्हणजे मास्टरमध्ये, नाही, तो स्टोअरच्या काकांच्या निळ्या वहीत आहे. ते दर महिन्याला हाताने गुणाकार करून नग भरत आले. तालमीत त्यांचा ४० किलोचा साठा ४० नग म्हणून चढला. नियोजनाला ६,००० हवे होते, त्याने लगेच ५,९६० ची खरेदीची मागणी काढली. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, शेजारच्या गोणीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, माल तर हा इथं आहे.” असे आणखी ३१२ कोड आतापर्यंत सापडले आहेत.

प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या स्टिअरिंग कमिटीच्या स्लाइडवर मात्र ‘डेटा ९६ टक्के पूर्ण’ आणि पुढे हिरवा ठिपका.

आधीच्या एका कंपनीत मी अशाच वेळी गप्प बसले होते. गो-लाइव्हच्या दुसऱ्या दिवशी नव्या सिस्टिममधून ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा क्रमांक, निघेना. त्याशिवाय बिल नाही, बिलाशिवाय गाडी गेटबाहेर नाही. अकरा ट्रक उन्हात उभे होते आणि ग्राहकाची लाइन थांबायला चार तास उरले होते. ते परत नको. मी घाबरले आहे असं न वाटता आणि माझी टीम उघडी न पडता हे वर कसं मांडू?

निवृत्त_बँकवाला

ताई, मी कोअर बँकिंगमध्ये होतो, म्हणून बँकेचंच उदाहरण देतो. ब्रिटनमधली टीएसबी बँक २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेलने घेतली. जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या सिस्टिमवरून निघून साबादेलच्या प्लॅटफॉर्मवर जायचं होतं. पहिली तारीख नोव्हेंबर २०१७ ची, ती हुकली. नवी जाहीर केली तेव्हाही फेरआखणी पुरती झालेली नव्हती. आधी तारीख, मग तिच्यात बसेल असा आराखडा. तुमच्या खंडेनवमीचंही तेच झालंय.

एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी ५२ लाख ग्राहकांची खाती हलवली. डेटा नीट पोचला, तरी प्लॅटफॉर्म कोसळला. लोकांना खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांचीच खाती दिसली. घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. त्याआधी सप्टेंबरातच सीईओ गेले. नंतर चौकशीत निघालेली एक गोष्ट मी आमच्या टीमला कायम सांगायचो: डेटा सेंटर दोन होती आणि महत्त्वाची चाचणी एकाच सेंटरवर झाली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. अहवालात ‘चाचणी झाली’ एवढंच वर गेलं, कशावर झाली ते खालीच राहिलं.

२०२२ च्या डिसेंबरात बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. पुढच्या एप्रिलमध्ये नियामकाने बँकेच्या माजी सीआयओंना, म्हणजे आयटीप्रमुखांना, व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड केला. ठपका असा, की सिस्टिम चालवणाऱ्या साबादेलच्याच कंपनीने ‘आम्ही तयार आहोत’ असं कळवलं आणि त्यांनी ते पुरेसं न तपासता पुढे नेलं. त्या कंपनीखाली आणखी कितीतरी पुरवठादार होते. त्यांची तयारी कुणी पाहिली, हा प्रश्न विचारणं सीआयओंचं काम होतं.

म्हणून कन्सल्टंटचं आश्वासनाचं पत्र घेऊन थांबू नका. कोणती चाचणी, कोणत्या डेटावर, कुणी, कोणत्या दिवशी केली आणि काय राहिलं, हे घ्या. हिरवा ठिपका तुमच्या सहीने वर जातो, तेव्हा तो तुमचा होतो.

हिशेबनीस

मी दुसऱ्या बाजूचा, एका कंपनीत फायनान्स पाहतो. एक सांगू का? आयटीवाले ‘तयारी नाही’ म्हणतात तेव्हा आम्हाला ते आणखी बजेट मागतायत असं ऐकू येतं. तेव्हा रुपयांत बोला. ग्राहकाची लाइन तुमच्यामुळे थांबली तर करारात तासाला किती दंड आहे? तीन महिने थांबलात तर कन्सल्टंटचं बिल किती वाढेल? दोन्ही आकडे एका कागदावर, शेजारीशेजारी. आणि एमडींकडे जाण्याआधी तुमच्या सीएफओंना भेटा. मीटिंगमध्ये त्यांना हे पहिल्यांदा कळलं तर १ एप्रिलच्या बाजूने तेच बोलतील.

प्लांट२

माझं मत वेगळं. आमच्याकडे तारीख तीनदा ढकलली. तिसऱ्यांदा शॉपफ्लोअरवर कुणी ट्रेनिंगला येईना, आणि तयार झालेली दोन चांगली पोरं दुसरीकडे गेली. तारीख ही एकच गोष्ट आहे जिच्यामुळे परचेस, स्टोअर, क्वालिटी एका टेबलाशी बसतात. ती सोडू नका. सरसकट ‘पुढे ढकला’ म्हणण्याऐवजी, कशाकशाला होकार आला तर १ एप्रिल, नाहीतर नाही, ते लिहून घ्या.

आयटीप्रमुख_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय, काय झालं ते सांगते.

हिशेबनीस म्हणाले तसं आधी सीएफओंकडे गेले. अकाउंट्सच्या सहा माणसांचं त्यांना सांगायची गरजच पडली नाही. त्यांनाही मार्चची तीच काळजी होती, फक्त विषय आपण काढायचा नाही असं दोघांनीही ठरवलेलं होतं.

एमडींसाठी स्लाइड केली नाही. त्यांना स्टोअरमध्ये बोलावलं. काकांनी गोणी दाखवली, वही दाखवली. एमडी स्वतः टूलरूममधून वर आलेले आहेत, त्यांनी वही हातात घेऊन पाच-सहा पानं उलटली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “हे मला जानेवारीत का सांगितलं नाहीत?”

तिथे मला सांगावं लागलं, की जानेवारीची हिरवी स्लाइड मीच दाखवली होती. ९६ टक्क्यांच्या बाहेर काय राहिलंय ते कन्सल्टंटला मी विचारलं नव्हतं. सहा महिने मी एमडींच्या चेहऱ्याकडे बघत होते, स्टोअरकडे बघायला हवं होतं. ते काही बोलले नाहीत. काकांना चहा सांगा म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले.

ठरलं ते असं: मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरी तालीम. ती ४८ तासांत बसली, एककाचे सगळे कोड सुटले आणि तिन्ही गेटवरून खऱ्या ग्राहकाच्या लेबलसकट बिल निघालं, तरच १ एप्रिल. यातलं एक जरी अडलं तर १ जुलै, आणि ते प्लांटमध्ये एमडी स्वतः सांगतील. कागदावर सीएफओ, तिन्ही प्लांट हेड आणि मी, अशा पाच सह्या आहेत.

सध्या दोन ट्रेनी रोज दुपारी काकांशेजारी बसून वही सिस्टिममध्ये चढवतायत. एकेक कोड काट्यावर वजन करून बघतात, कारण काही आकडे पुरवठादार बदलला तेव्हापासून चुकीचे निघाले. १८ पानं झाली, २३ राहिलीत.