मदत हवी आहे: अण्णांचा वार्ताफलक बंद पडू द्यायचा नाहीये

नमस्कार मंडळी,

मी कर्वेनगरला राहते. माहेर पुणे जिल्ह्यातच, स्वारगेटहून एसटीने पावणेदोन तासांवर. छोटं गाव आहे, नगरपरिषद आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या कार्यालयाबद्दल तक्रारीचा सूर येणार आहे. मला भांडण नकोय, काम व्हायला हवंय.

आधी प्रश्न सांगते. मंडईच्या भिंतीवर माझे वडील १९९३ पासून वार्ताफलक लिहीत आले आहेत. गेल्या वर्षभरात कंपवातामुळे त्यांचा हात थांबला. तो फलक मी पुढे चालवायचा म्हणते. शनिवारी मी गावी जाऊ शकते, पण नगरपरिषदेची पक्की माहिती पुण्यात राहून आठवड्याच्या आठवड्याला कशी मिळवायची? आणि असल्या फलकाला परवानगी लागते का, लागत असेल तर अर्ज कुणाच्या नावे करायचा?

आता सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

तो फलक मुळात गणेश मंडळाचा. १९९३ साली विसर्जन झालं आणि त्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. फलकावर अजून मिरवणुकीची वेळ लिहिलेली होती. अण्णा शाळेत शिक्षक होते. त्यांनी ती वेळ पुसली आणि लिहिलं की चादरी, सतरंज्या, भांडी मंडईत आणून द्या, टेम्पो संध्याकाळी निघेल. त्यानंतर मंडळाने फलक परत मागितला नाही आणि अण्णांनी दिलाही नाही.

चार फूट बाय तीन फुटांची काळी फळी, वर पत्र्याची छोटी पडवी. दिवाळीच्या आधी तिला काळ्या रंगाचा एक हात. खडू रात्री वाटीत पाण्यात भिजत घालायचे. ओल्या खडूने लिहिताना अक्षर दिसतच नाही, पाटी नुसती ओली दिसते. पाच मिनिटांनी वाळलं की पांढरंशुभ्र उमटतं आणि वाऱ्याने, खांदे घासून सहज पुसत नाही. म्हणजे अण्णा एवढी वर्षं न दिसणारी ओळ सरळ लिहीत होते, नुसत्या हाताच्या सवयीने. मागच्या महिन्यात मी लिहायला गेले तर वाळल्यावर माझ्या ओळी उजवीकडे उतरलेल्या.

लिहायचं काय? पाणी कोणत्या भागाला किती वाजता. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर कुठपासून कुठपर्यंत. लसीकरण, रेशनचं धान्य आलं का, हरवलं-सापडलं. कुणी गेलं तर नाव आणि दहाव्याची वेळ, पण ते घरी जाऊन विचारल्याशिवाय कधीच नाही. पुढाऱ्यांचे वाढदिवस अण्णांनी एकदाही लिहिले नाहीत, त्यावरून एकदा घरावर माणसं आली होती तरी नाही.

आणि उजव्या बाजूला, उभी रेघ मारून, नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा. अण्णा सभेला जाऊन मागच्या बाकावर बसायचे. विषय क्रमांक, ठरावात काय झालं, रक्कम असेल तर अंकात. विषय पत्रिकेवरचा पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' आणि शेवटचा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. अण्णा म्हणायचे, लोक चहाला उठतात तेव्हा ऐनवेळचे विषय सुरू होतात, तेव्हा आपण उठायचं नाही. मंडईच्या गाळ्यांचं भाडं, कचऱ्याचा ठेका, स्मशानभूमीच्या शेडचं काम, अशा गोष्टी गावाला त्या फलकावरूनच कळल्या.

मग प्रशासक आले. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि निवडणुका लांबतच गेल्या. पुण्यातही १५ मार्च २०२२ पासून प्रशासकच होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण पुण्यात निदान वर्तमानपत्रांचे बातमीदार महापालिकेत रोज जातात. आमच्या गावात कोण जाणार? सभाच नाही म्हटल्यावर मागचा बाकही गेला. ठराव मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात व्हायचे. अण्णा जाऊन विचारायचे, लिपिक सांगायचे, नंतर या. फलकाची उजवी बाजू महिनोन्महिने कोरी राहिली. रेघ मात्र अण्णा दर वेळी मारायचे.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. २०२३ मध्ये घरपट्टीची चतुर्वार्षिक आकारणी झाली. हरकतींची नोटीस कार्यालयाच्या काचेच्या पेटीत आणि एका वर्तमानपत्रात लहानशी, एवढीच. अण्णा तेव्हा पुण्यात माझ्याकडे, दवाखान्यात. मुदत निघून गेली. ते घरी परतले त्याच संध्याकाळी पिठाच्या गिरणीवाल्या मावशी नवीन बिल घेऊन आल्या. "गुरुजी, हे कधी ठरलं? फलकावर तर नव्हतं." मावशींच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की फलकावर नाही म्हणजे झालेलंच नाही. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

गावात व्हॉट्सॲप ग्रुप नाहीत असं नाही. चार-पाच आहेत, मीही दोनांत आहे. पण तिथे पाण्याचा निरोप शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो, आणि खरा की खोटा ते कुणी सांगत नाही. शिवाय मावशींकडे साधा फोन आहे. भाजी घ्यायला मात्र सगळेच येतात.

आता २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ तारखेला निकाल लागले, सभा पुन्हा सुरू झाल्या. चार वर्षांनी उजव्या बाजूला लिहायला काहीतरी आहे आणि नेमका आता अण्णांचा हात चालत नाही. त्यात पंधरा दिवसांपूर्वी एक कर्मचारी येऊन तोंडी सांगून गेला की फलक अनधिकृत आहे, काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू. फ्लेक्सवर कारवाई चालू आहे, ती हवीच. पण खडूने लिहिलेला फलक आणि चौकातला वीस फुटी फ्लेक्स यांना एकच नियम कसा?

सभा कामाच्या दिवशी असते, मला दर वेळी रजा मिळणार नाही. इतिवृत्ताची प्रत मागता येते का? माहिती अधिकाराशिवाय काही मार्ग आहे का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

पुण्यातूनच लिहितोय. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायच्या आधी सोमवार वापरा. सार्वजनिक कार्यालयांतले अभिलेख दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना पाहायला खुले ठेवावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. त्यात स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. मी स्वतः आमच्या रस्त्याच्या कामाची फाइल अशीच पाहिली. सोबत शासन निर्णयाची छापील प्रत ठेवा. छोट्या ठिकाणी टेबलावरच्या माणसाला तो माहीत नसतो, प्रत दाखवली की तो साहेबांकडे जाऊन येतो आणि फाइल निघते. वाद घालायची वेळ माझ्यावर तरी आली नाही.

प्रतिसाद

ताई, मी एका नगरपरिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालो, तुमच्या नव्हे. सभा लोकांना ऐकायला खुली असते, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातच ते आहे. तेव्हा मागच्या बाकावर बसायला कुणाची मेहरबानी लागत नाही, बोलायचं मात्र नाही. सर्वसाधारण सभेची नोटीस आधी निघते आणि सोबत विषयपत्रिका असते. तिचा फोटो तुम्हाला पाठवेल असा एक माणूस गावात धरा. आमच्या वेळी कार्यालयासमोरचा झेरॉक्सवाला हे सगळ्यांच्या आधी वाचायचा.

इतिवृत्ताबद्दल एक लक्षात ठेवा. ते पुढच्या सभेत कायम होतं. त्याआधी घाईने काही लिहिलंत आणि शब्द बदलला, तर बोट तुमच्याकडे येईल. तोवर फलकावर 'सभेत ऐकलेले' असं लिहा. इतिवृत्त कायम झालं की ठराव क्रमांक घाला. प्रत हवीच असेल तर माहिती अधिकाराखाली जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर प्रथम अपील. पण दर महिन्याला अर्ज टाकू नका. कार्यालयातली माणसं दुरावतात, आणि तुम्हाला ती पुढची वीस वर्षं लागणार आहेत.

तोंडी सांगून गेला, त्याला उत्तर तोंडी देऊ नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा: फलक कधीपासून आहे, मोजमाप किती, जाहिरात नाही, पैसे घेत नाही, जागा वापरण्यास परवानगी मिळावी. आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. सोबत जुने फोटो असतील तर जोडा. शक्य असेल तर तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांची शिफारस घ्या, मात्र दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांची. एकाच बाजूची घेतलीत तर फलक त्या बाजूचा झाला.

प्रतिसाद

परवानगी मिळेपर्यंत सार्वजनिक वाचनालयाच्या आवारात फलक हलवता येईल का? तिथली कार्यकारिणी सहसा नाही म्हणत नाही. आणि ओळ सरळ यायला फळीवर खिळ्याने अगदी हलक्या आडव्या रेघा ओढून घ्या, शाळेच्या फळ्यावर असायच्या तशा. ओल्या खडूलाही त्या दिसतात.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर देता आलं नाही, कारण काल सोमवार होता आणि मी अर्धी रजा टाकून गेले होते.

निर्णयाची प्रत नेली होती, ती दाखवावी लागली. आधी 'साहेब नाहीत' झालं, मग आवक विभागातल्या एका मुलीने विचारलं, तुम्ही गुरुजींच्या का? ती अण्णांची विद्यार्थिनी निघाली नाही, तिची आई होती. इतिवृत्ताची वही समोर आली. फोटो काढू देईनात, म्हणून बसून हाताने उतरवून घेतलं, जानेवारीच्या सभेचे अकरा विषय. ऐनवेळच्या विषयांत दोन होते. त्यातला एक मंडईच्या मागच्या गटाराचा, ज्याची वाट सगळी मंडई बघतेय.

परवानगीचा अर्जही दिला. पोच घेतली, शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही आहेत. १९९८ चा एक फोटो सापडला, त्यात फलकासमोर मी सायकल धरून उभी आहे आणि मागे 'पाणी सकाळी ६ ते ७' स्पष्ट वाचता येतंय. तो जोडला. नगरसेवकांकडे शनिवारी जाईन, दोन्हीकडे.

वाचनालयाचं अण्णांना विचारलं. ते नको म्हणाले. वाचनालयात येणारा माणूस पेपर वाचूनच जातो, त्याला आपली गरज नाही. मलाही ते पटतं, त्यामुळे जागा मंडईचीच ठेवायची, निदान लेखी नकार येईपर्यंत.

खिळ्याच्या रेघा मात्र ओढल्या. संध्याकाळी अण्णांना खुर्चीवर बसवून समोर नेलं, ते सांगत होते, मी लिहीत होते. 'सभेत ऐकलेले' हे शब्द त्यांनी दोनदा लिहून घेतले, पहिल्यांदा 'ऐकलेले' बारीक झालं म्हणून. वाळून अक्षरं वर येईपर्यंत गिरणीच्या मावशी येऊन उभ्या राहिल्या आणि शेजारच्या भाजीवाल्या आजींना गटाराचा विषय मोठ्याने वाचून दाखवला. आजींनी रक्कम पुन्हा विचारली. मावशींनी पुन्हा सांगितली.

एक अडचण राहिली आहे. सोमवारची रजा मला महिन्यातून एकदाच जमेल. आवक विभागातल्या मुलीवर हे टाकायचं नाही, तिची नोकरी आहे. पुण्याहून सासवड, भोर, शिरूर, मंचर अशा गावी नियमित जाऊन कुणी सभांची माहिती गोळा करत असेल, तर तुम्ही कामाच्या दिवसांचं कसं जमवता ते वाचायला आवडेल. आणि निवृत्त लिपिक काका, आकारणीची जुनी यादी सोमवारी पाहायला मागता येते का? मावशींचं बिल अजून माझ्या पर्समध्ये आहे. इथे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.