आधी मॅग्नेशियम मोजा

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२० भाग) खाली आहे म्हणून त्याचा डोस वाढवा, असा सल्ला दिला जातो; तो अर्धाच बरोबर. मॅग्नेशियम १२०० च्या खाली असेल तर घातलेलं कॅल्शियम प्रवाळांना मिळण्याआधीच कार्बोनेटबरोबर साका होऊन हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा थर धरतं. आधी मॅग्नेशियम १३०० ते १३५० वर आणा, तेही दिवसाला १०० पीपीएमपेक्षा जास्त न वाढवता. मग क्षारता, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, ८ ते ९ डीकेएचवर (क्षारता मोजायचं एकक) स्थिर ठेवा. कॅल्शियम आणि कार्बोनेटची द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी कधीच ओतू नका, लगेच दुधाळ होतं.

आणि हो, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायची हौस नको. अशा टाकीत क्षारता १०-११ वर गेली की अॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या प्रवाळाची टोकं जळतात, आणि दोष बिचाऱ्या दिव्याला जातो.